मोटर तपासालीय

चोवीस खाचांचं एक पोलादी कडं. प्रत्येक खाचेत कागद, कागदात तांब्याची तार, तारेवर बांबूची चिप.

"दुपारी पाठ टेकणाऱ्या बाईच्या घरात पीठ लवकर सरतं." हे कोडोलीच्या चिमणाबाईंचं म्हणणं. सत्तरी उलटल्यावर त्या स्वतःच दुपारी झोपायला लागल्या.

शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा फ्रिजमध्ये सापडला. तिथं कुणी ठेवला ते आठवत नाही. घरात लाडू एकच बाई करते.

मंगळवार. दोन वाजून चार मिनिटं ते तीन वाजून बावीस मिनिटं. फोनच्या पडद्यावर, शेजारी झोपेची खूण म्हणून छोटा पिवळा चंद्र.

पत्र्याची पाटी : कांबळे रिवायंडिंग वर्क्स, शाहूपुरी. सर्व प्रकारच्या मोटरी भरून मिळतील. त्याखाली ऑइलपेंटनं, वेगळ्या हातानं : दोन ते अडीच मोठ्यानं बोलू नये.

धूर.

अठ्ठ्याहत्तर मिनिटं

"अक्का! ओ अक्का! उठा की!"

शेजारच्या लेथचा मालक ऋतुराज पळत आत आला. त्यानं आधी बोर्डावरचं बटण खाली पाडलं आणि मग तानूबाईंचा खांदा हलवला. तानूबाईंनी डोळे उघडले. समोर एक दाढीवाला माणूस वाकून बघत होता. त्याच्या मागं रस्त्यावरचा पांढरा उजेड.

"दूध आलं काय?" त्यांनी विचारलं.

"कसलं दूध? अक्का, दुपारचं तीन वाजून गेल्यात. मोटर जळाली न्हवं का!"

दाढीवाला माणूस ऋतुराज आहे, आपण दुकानात आहोत, ही दुपार आहे, हे एकेक करून ध्यानात यायला बराच वेळ लागला. तोंड कोरडं पडलं होतं, डोकं भिजलेल्या पोत्यासारखं जड झालं होतं. समोरच्या टेबलावर पाच हॉर्सपॉवरची मोटर होती आणि तिच्या पुढच्या जाळीतून धुराची शेवटची रेघ वर चालली होती. जळक्या वार्निशचा वास घशात उतरला. तानूबाईंनी आपला डावा हात शोधला. तो मोटरीवर असायला हवा होता. तो मांडीवर पडला होता, पंजा वर करून, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

"तुमी हात ठिवल्याली मोटर जळायची म्हंजे..." ऋतुराजनं पुढचं वाक्य गिळलं. लहानपणापासून तो भिंतीपलीकडच्या लेथवर वाढला होता. काय घडलंय ते त्याला समजलं होतं. "पाणी आणू काय?"

"आण," तानूबाई म्हणाल्या. तो गेल्यावर त्यांनी मोटरीला हात लावला आणि चटका बसून काढून घेतला.

वीस मिनिटं

मोटर भरून झाली, म्हणजे जळकी तार काढून नवी बसवून झाली, वार्निश वाळलं, बेअरिंगं बसली, की गिऱ्हाइकाला देण्याआधी ती अर्धा तास रिकामी चालवून बघायची असते. हे काम करणारे सगळेच करतात. मीटर लावायचं, काटा बघायचा, वास घ्यायचा. तानूबाईही मीटर लावायच्या. पण त्यानंतर त्या लोखंडी खुर्चीत मागं टेकायच्या, डाव्या हाताचा तळवा मोटरीच्या पाठीवर ठेवायच्या आणि झोपायच्या. वीस मिनिटं. कधी बावीस.

मोटर चांगली असली की तळव्याखाली ती मांजरासारखी गुरगुरत राहायची आणि झोप अलगद लागायची. कुठं एखादं वेटोळं तापायला लागलं, बेअरिंग किंचित घासलं, की तानूबाईंचे डोळे उघडायचे. पुष्कळदा मीटरच्या काट्याआधी. कसं कळतं म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "चुलीवर दूध ठिवून डोळं मिटल्याली बाई दूध वर यायच्या आत उठतीच की. तसंच हे."

कोडोली, पेठ वडगाव, शिरोलीपर्यंतची गिऱ्हाइकं मोटर न्यायला आली की आधी एकच विचारायची. "अक्का झोपल्या काय हिच्यावर?" झोपल्या असल्या की मोटर पास.

ही रीत पडली १९९४ साली, असं सांगतात. तेव्हा दुकान बाळासोंचं होतं, तानूबाईंच्या नवऱ्याचं, आणि तानूबाई त्यांच्या हाताखाली खाचांत तारा बसवायच्या. त्यांचा मुलगा संग्राम दोन महिन्यांचा होता. मोटरी उचलायच्या साखळीला कापडाची झोळी बांधून त्याला त्यात टाकलेलं असायचं. रात्रभर तो रडायचा आणि दिवसा झोळीत गपगार. एका दुपारी तानूबाई मोटरीवर हात टाकून खुर्चीतच झोपल्या आणि नेमका त्याच वेळी कोडोलीचा एक म्हातारा दुकानात शिरला. कोडोली म्हणजे तानूबाईंचं माहेर. म्हाताऱ्यानं दारातूनच आवाज दिला, "बाळासो, बायकू भर दुकानात झोपलीया व्हय रं? बरं चाललंय तुमचं!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी तानूबाईंच्या आईच्या, चिमणाबाईंच्या ओसरीवर पोचली असती. बाळासोंनी हातातली तार सोडली नाही की मान वर केली नाही.

"झोपली न्हाय ती," ते म्हणाले. "मोटर तपासालीय. तिच्या हाताला कळतं. जरा थांबा, पावणं. आवाज करू नगा."

म्हातारा थांबला. चपला काढून, उभ्यानं थांबला. वीस मिनिटांनी तानूबाईंनी डोळे उघडले तेव्हा बाळासोंनी गंभीर तोंडानं विचारलं, "कशी हाय?" तानूबाईंनी एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा पावण्यांकडं, आणि म्हणाल्या, "चांगली हाय. न्या."

पुढच्याच महिन्यात कोडोलीची दोन माणसं आली. झोपून तपासून द्या म्हणाली. बाळासोंनी पाटीखाली ऑइलपेंटची ओळ लिहिली. नाव आधी झालं की गुण आधी आला, हे त्यांनी पुढं एकोणीस वर्षांत कुणालाच सांगितलं नाही. बाळासो गेल्यावरही पाटी आणि खुर्ची तशीच राहिली. आता भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्या खाली बाळासोंचा, आणि दोघांच्या नजरेसमोर मोटर चालवून बघायचं टेबल.

शून्य मिनिटं

जळालेली मोटर पेठ वडगावच्या गुंडू पोवारची होती. पिठाच्या गिरणीची. तानूबाईंनी त्याला स्वतः फोन लावला.

"गुंडूभाऊ, तुमची मोटर जळाली."

"जळाली म्हनूनच तर तुमच्याकडं टाकलीया की!" गुंडू पोवार फोनवरही गिरणीत उभा असल्यासारखाच मोठ्यानं बोलायचा.

"तसं न्हवं. भरून झाल्यावर जळाली. मी झोपल्यावर."



"तुमी झोपला हुता तिच्यावर?"

"व्हय."

"आणि जाग आली न्हाय?"

"न्हाय."

"आयला," गुंडू हळू आवाजात म्हणाला. हळू आवाजात बोललेला गुंडू तानूबाईंनी पहिल्यांदाच ऐकला.

मोटर उघडल्यावर कारण सापडलं. सातव्या खाचेत तार आत ढकलताना तिच्यावरचा लेप खरवडला होता. नवशिक्याची चूक. एवढी चूक हातून झाली तरी चालली असती, ती पकडायलाच तर पुढची वीस मिनिटं असायची. तीच वीस मिनिटं अठ्ठ्याहत्तर झाली.

दुसऱ्या दिवसापासून तानूबाईंनी दुपारी डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं. दोन वाजले की त्या उठून उभ्या राहायच्या, तोंडावर पाणी मारायच्या, रस्त्यावर जाऊन यायच्या. त्यानं एवढंच झालं की चार वाजता डोळे जड व्हायला लागले. वेटोळी मोजताना आकडा सुटायला लागला. एकशे अठरा की एकशे एकोणीस? पहिल्यापासून मोजायचं. पुन्हा सुटायचं.

संध्याकाळी सून अक्षता घरी आली आणि तिनं सासूच्या मनगटावरचा पट्टा काढून आपल्या फोनला जोडला. ती एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. तिनं नवा घड्याळपट्टा घेतल्यावर जुना, झोप आणि पावलं मोजणारा, सासूला दिला होता. तानूबाई तो दुकानात वेळ बघायला घालायच्या आणि घरी आल्या की भांडी घासायच्या आधी खिडकीत काढून ठेवायच्या.

"आत्या, हे बघा." सासूला आत्या म्हणायची त्यांच्याकडची पद्धत. "जूनमधी एकवीस मिनिटं, बावीस मिनिटं. ऑगस्टमधी पस्तीस. सप्टेंबरमधी पन्नास. आता अठ्ठ्याहत्तर. मला सांगितलं न्हाय तुमी."

"झोपल्यालं माणूस काय सांगतंय?"

"उठल्यावर सांगायचं की."

उठल्यावरचंच तर सांगता येत नव्हतं. चिमणाबाईंचं असंच सुरू झालं होतं. जन्मभर दुपारी पाठ न टेकलेली बाई आधी तासभर झोपायला लागली, मग दोन तास, मग दिवेलागणीपर्यंत. चार वाजता उठायची आणि सकाळ समजून दात घासायला बसायची. सगळे हसायचे. तीही हसायची. दोन वर्षांनी तानूबाई माहेरी गेल्या तेव्हा आईनं त्यांना चहा दिला, बशी पुढं केली आणि विचारलं, "तू कुणाची गं, बाय?"

लाडवांचा डबा. सातवी खाच. दूध आलं काय.

तानूबाईंनी मनाशी ठरवून टाकलं. डोकंच जायला लागलं असेल तर दुकान बंद. दुसऱ्याची मोटर विसरत्या हातात द्यायची नाही. दिवाळीआधी पाटी उतरवायची. पाटी कुठं ठेवायची तेही त्यांनी ठरवलं. पलंगाखाली, फडक्यात गुंडाळून.

"अक्षता," त्या म्हणाल्या, "त्या तुझ्या डॉक्टरीणबाई विसरायचं बघत्यात काय गं?"

पेरू, शिडी, सायकल

डॉक्टर प्रियदर्शनी वयानं अक्षतापेक्षा थोड्याच मोठ्या होत्या. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, छाती तपासली आणि मग म्हणाल्या, "आता मी तीन शब्द सांगते, लक्षात ठेवायचे. मागून विचारीन. पेरू, शिडी, सायकल."

"पेरू, शिडी, सायकल," तानूबाई म्हणाल्या.

"शंभरातून सात वजा करत खाली या."

"त्र्याण्णव, श्याऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट, अठ्ठावन्न, एक्कावन्न, चव्वेचाळीस..."

"पुरे, पुरे."

"शेवटाला दोन उरत्यात," तानूबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसल्या. कोरा कागद पुढं सरकवून म्हणाल्या, "आता एक घड्याळ काढा. आकडे, काटे सगळं. दोन वाजून दहा मिनिटं झालेली दाखवा."

तानूबाईंनी एका दमात गोल काढला. कंपासानं काढल्यासारखा. मग त्याच्या आतल्या कडेनं एकसारख्या अंतरावर खुणा करत गेल्या. डॉक्टर बघत राहिल्या. बारा खुणा झाल्या तेव्हा अर्धंच वर्तुळ भरलं होतं. तानूबाईंचा हात थांबला नाही. तेरा, चौदा, पंधरा. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तानूबाईंनी वर बघितलं, मग खाली आपल्या कागदाकडं. घड्याळात चोवीस खुणा. चिमणाबाईंनी पुढं केलेली ती बशी त्यांना दिसली.

आणि अक्षता खदखदा हसायला लागली. "मॅडम, हे घड्याळ न्हाय. हे स्टेटर हाय."

"काय आहे?"

"मोटरीचं पोट, मॅडम. चोवीस खाचांचं. रोज तेच करत्यात ना त्या."

तानूबाईंनी पदर तोंडाला लावला. "हात गेला की हो तिकडं. चाळीस वर्षं गोल म्हटलं की चोवीसच. द्या दुसरा कागद."

दुसऱ्या कागदावर बाराच आकडे होते आणि दोन वाजून दहा मिनिटं बरोबर झाली होती. डॉक्टरांनी मात्र पहिलाच कागद फाइलला लावला.

"मघाचे तीन शब्द?"

"पेरू. सायकल." तानूबाई थांबल्या. खिडकीबाहेर बघितलं. "एक गेला."

"गेला तर जाऊ दे. तिघांतला एक माझाही जातो कधीकधी," डॉक्टर म्हणाल्या. "आता नीट ऐका. वीस-पंचवीस मिनिटांची दुपारची झोप चांगलीच असते. डोकं ताजं होतं, हात चालतो, लक्ष लागतं. तुम्ही इतकी वर्षं झोपलात ते काही वाया नाही गेलं. पण तास उलटला की माणूस गाढ झोपेत उतरतो, आणि तिथून कुणी ओढून वर काढलं की मेंदू थोडा वेळ अर्धा झोपलेलाच राहतो. म्हणून तुम्ही दूध मागितलंत. ते कुणाचंही होतं."

"माझ्या आईचं असंच सुरू झालतं."

डॉक्टरांनी चष्मा परत लावला. "होय, अक्षता म्हणाली. म्हणूनच बघायचं. या वयात झोप आपोआप वाढत चालली तर कारण शोधावं लागतं. कधी साखर असते, कधी थायरॉइड, कधी रक्त कमी, कधी विसरण्याची सुरुवात. आणि कधीकधी यातलं काहीच नसतं, रात्रीची झोप कुठंतरी गळत असते. हा पट्टा रात्री पण घालता का?"

"रात्री कशाला? अंधारात घड्याळ कोन बघतंय?"

"एक आठवडा चोवीस तास घाला. आंघोळीपुरता काढा."

रिक्षातून परत येताना दसरा चौकात सिग्नलला रिक्षा थांबली आणि तानूबाई मोठ्यानं ओरडल्या, "शिडी!"

रिक्षावाल्यानं दचकून मागं बघितलं. "कुठं उतरायचं म्हनला, मावशी?"

दोन हजार पावलं

चौथ्या दिवशी सकाळी संग्राम चहाला बसला होता. तो शिरोलीच्या एका फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला होता, घरी यायला बारा वाजायचे, त्यामुळं सकाळचा चहा त्याला नऊला लागायचा. अक्षताची सुट्टी होती. ती फोनमध्ये बघत म्हणाली, "आत्या, पहाटं तीनला रोज कुठं जाताय?"

"कुठं जाणार? घरातच असती की."

"घरातल्या घरात दोन हजार पावलं? तीन वाजून सहा मिनिटांपास्नं साडेचारपर्यंत? चारी दिवस?"

संग्रामनं कप खाली ठेवला. "रनिंगला जातीस काय, आई?"

"गप रं," तानूबाई म्हणाल्या. कांदा चिरत राहिल्या. मग कांद्याकडं बघूनच म्हणाल्या, "पाणी भरती."

श्रावणापासून त्यांच्या गल्लीतल्या नळाला पाणी पहाटे तीनला यायला लागलं होतं. साडेचारला जायचं. एवढ्या वेळात तानूबाई खालच्या नळावरून घागरीनं वरची दोन पिंपं भरायच्या. सोळा पायऱ्या. मग परत आडव्या व्हायच्या, पण डोळा लागेस्तोवर साडेपाच व्हायचे आणि सहाला अक्षताचा डबा.

"आणि आम्हाला उठवायचं न्हाय?" अक्षताचा आवाज चढला. "आम्हाला वाटतंय पाणी सहालाच येतंय!"

"ह्यो बाराला येऊन पडतोय. तू दिवसभर दवाखान्यात उभी. तुमास्नी उठवून काय करू? मी काय, दुपारी झोपतीच की."

"तसं चालत न्हाय, आत्या. दुपारची झोप चटणीगत हाय. ताटात तेवढीच बरी लागती. तिच्यावर जेवण भागत न्हाय."

"तीन महिनं," संग्राम म्हणाला. तो आईच्या पायांकडं बघत होता. "तीन महिनं आमच्या डोक्यावर पाणी वाजत हुतं आणि आमाला जाग न्हाय. झोपंत कोन कमी हाय ह्या घरात?"

तानूबाईंनी चिरलेला कांदा ताटलीत लोटला. अठ्ठ्याहत्तर मिनिटं. पहाटेचे दीड तास. एवढं साधं गणित. दुसऱ्याच्या मोटरीत सातव्या खाचेतली खरवड शोधणाऱ्या बाईला ते स्वतःच्या घरात दिसलं नव्हतं.

"आणि एक," संग्राम म्हणाला, "चाळीस वर्षं मोटरी भरणाऱ्याच्या घरात माणूस घागरीनं पाणी चढवतंय. हे तेवढं बाहेर कुणाला सांगू नगा."

तानूबाईंना हसू फुटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्या एवढ्या हसल्या असतील. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याच रविवारी त्यांनी दुकानातल्या भंगारातून अर्ध्या हॉर्सपॉवरची एक मोटर काढली, भरली, संग्रामनं जिन्याखाली टाकी बसवली आणि टायमर जोडला. पहाटे तीनला टायमर टकटक करून मोटर सुरू व्हायची, साडेचारला बंद. पहिले दोन दिवस तानूबाई सवयीनं उठल्या आणि अंथरुणातच पाण्याचा आवाज ऐकत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्या सहाला उठल्या.

रक्ताचा रिपोर्ट आला. रक्त थोडं कमी, बाकी ठीक. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा घड्याळ काढायला या म्हणाल्या.

घरच्या मोटरीवर मात्र तानूबाई झोपल्या नव्हत्या. मीटर लावून बघितली आणि बसवून टाकली. दुकानात दोन वाजता अजूनही त्या उभ्या राहायच्या. कारण सापडलं होतं, पण कारण सापडणं वेगळं आणि चालत्या मोटरीशेजारी पुन्हा डोळे मिटणं वेगळं. तेवढं जमलं नाही तर पाटी राहिली काय आणि उतरवली काय.

एकवीस मिनिटं

गुरुवारी पावणेदोनला गुंडू पोवार आला. हातात पेरूंची पिशवी. वय साठ, अंगावर पिठाची पांढरी लव. ती आंघोळीनंही जात नसावी.

"झाली काय आमची?"

"झाली. फुकट भरून दिलीया. मीटर लावून तासभर चालवली. न्या."

"तुमी झोपला काय हिच्यावर?"

"न्हाय."

गुंडूनं पिशवी टेबलावर ठेवली आणि स्टूल ओढलं. "मग मी न्हेत न्हाय."

"गुंडूभाऊ, मागच्या बारीला झोपली तर जळाली तुमची."

"जाग आली न्हाय म्हनून जळाली. झोपण्यात काय चूक न्हवती!" त्याचा आवाज भिंतीपलीकडं गेला असावा, कारण लेथ थांबली. "माझ्या बापानं हितंच मोटर भरून घेतली, तुमी झोपून दिली, बावीस वर्षं चालली. मीटर काय, वडगावात पण लावत्यात. मग मी हितं कशाला येऊ? झोपा. मी हाय की जागा."

"कुणी बघत असलं की झोप लागंल काय?"

"मी तिकडं तोंड करतो."

आणि खरंच त्यानं स्टूल फिरवून रस्त्याकडं तोंड केलं. पलीकडून ऋतुराजनं डोकं आत घातलं, सगळं बघितलं आणि परत गेला. लेथ सुरू झाली नाही.

तानूबाईंनी मोटर टेबलावर बांधली, तीन वायरी जोडल्या, बटण वर केलं. मोटर उठली, फिरली, एका सुरात आली. त्यांनी मीटर बघितलं. मग लोखंडी खुर्चीत बसल्या. डावा तळवा मोटरीच्या पाठीवर ठेवला आणि डोळे मिटले.

झोप येईना. धडधड जाणवत होती, ती मोटरीची की आपल्या छातीची कळेना. सातवी खाच आठवली. ह्या वेळी सातवी खाच त्यांनी तीनदा बोट फिरवून बघितली होती. तळव्याखालची गुरगुर एकसारखी होती. एकसारखी. गार लोखंड हळूहळू कोमट होत होतं, जेवढं व्हावं तेवढंच. साखळीला पूर्वी झोळी बांधलेली असायची तिथं आता नुसता आकडा लोंबत होता. तो वाऱ्यानं हलत असेल, असं त्यांना वाटलं. तेवढंच वाटलं.

आवाज बदलला.

डोळे उघडले तेव्हा त्यांना लगेच सगळं ठाऊक होतं. गुरुवार. दुकान. गुंडू पोवारची मोटर. दूध सकाळीच आलं होतं, तापवून ठेवलं होतं. घासल्यासारखा, खरखरता आवाज येत होता, मध्येच अडकून पुन्हा सुरू होणारा. बेअरिंग. त्यांचा हात तळव्याखाली काय आहे ते आधीच चाचपत होता. कोमट. एकसारखं. मीटरचा काटा जागच्या जागी. तरी आवाज चालूच होता.

मग त्यांनी मान वळवली. स्टुलावर भिंतीला टेकून, मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून गुंडू पोवार घोरत होता. श्वास आत घेताना घासत होता आणि सोडताना शिट्टी वाजत होती.

तानूबाईंनी मनगटावर बघितलं. एकवीस मिनिटं. त्यांनी बटण हळूच खाली केलं. मोटर फिरत फिरत थांबली. गुंडू थांबला नाही. त्यांनी पिशवीतला एक पेरू काढला, पदराला पुसला आणि चावला. गोड निघाला.

दारात सावली पडली. नवा माणूस होता. खांद्याला मळकी बॅग, हातात जळालेल्या पंपाचं झाकण. कोडोलीहून आलोय म्हणाला आणि आत बघून थबकला. भर दुकानात, मोटरीच्या टेबलाला गुडघा लावून, एक माणूस आडवातिडवा घोरत होता.

"हे पावणं झोपल्यात व्हय हितं?" तो हसून म्हणाला. "बरं हाय की!"

तानूबाईंनी तोंडातला पेरू गिळला.

"झोपलं न्हाईत ते," त्या म्हणाल्या. "मोटर तपासालेत. जरा थांबा. आवाज करू नगा."

माणूस थांबला. त्यानं पायातल्या चपला काढल्या.

१९९४ च्या त्या दुपारी तानूबाईंच्या हाताखालची मोटर बाळासोंनी सकाळीच तपासून ठेवली होती, आणि तिला वायर जोडलेलीच नव्हती.